उजवीकडच्या माणसासाठी

आमच्या बुधवारच्या प्रार्थनेत कोण कुठे बसणार यावरून जे डावपेच चालत, तसे मी पुढे ग्रामपंचायतीच्या निवडणुकीतही पाहिले नाहीत. आणि डावपेच खेळणारे सगळे डोळे अर्धे मिटून, हात जोडून, चेहऱ्यावर देवदूताचे भाव आणून बसलेले.

स्वातंत्र्य मिळून आठ-नऊ वर्षं झाली असतील. पिंपरीच्या माळावर नवे कारखाने उभे राहत होते. त्यातल्या एकात आमच्या ह्यांना नोकरी लागली, म्हणून मी लग्न होऊन नगरहून थेट त्या माळावर येऊन पडले. दोन खोल्या, ओल्या सिमेंटचा वास, मागे बाभळी आणि सकाळ-संध्याकाळ कारखान्याचा भोंगा. नगरला मिशनच्या बोर्डिंगात मी नाताळच्या नाटकातला हुकमी हेरोद राजा होते. उंची होती, आवाज होता, आणि बाळांना मारायचा हुकूम मी असा सोडायचे की पुढच्या रांगेतली खरी बाळं भोकाड पसरायची. अशा बाईला माळावर प्रेक्षक कुठून मिळणार? मला ही बुधवारची प्रार्थना मिळाली.

आमचं देऊळ, म्हणजे चर्च, जवळपास नव्हतं. रविवारी उपासनेला आगगाडीनं खडकीला किंवा पुण्याला जायचं. म्हणून आम्ही तीन ख्रिस्ती घरं बुधवारी दिवेलागणीला एकत्र जमायचो. जागा ठरलेली, सुतारदादांची खोली. गोल करून सतरंजीवर बसायचं, एका अंगाला बायका, एका अंगाला पुरुष. गीत व्हायचं, शास्त्रातला उतारा व्हायचा आणि मग साखळी सुरू व्हायची. साखळी म्हणजे प्रत्येकानं आपल्या उजव्या हाताला बसलेल्या माणसासाठी मोठ्यानं प्रार्थना करायची. त्यानं आमेन म्हटलं की पुढच्यानं त्याच्या उजवीकडच्यासाठी करायची. मधल्या कुणाला ओलांडून साखळी पुढे न्यायची नाही, हा नियम. आणि कुणी आपल्यासाठी काही मागितलं तर त्याला उत्तर द्यायचं नाही, कारण तो आपल्याशी बोलत नसतो, देवाशी बोलत असतो.

आता या नियमात केवढी मोठी फट आहे, हे माणसाच्या लगेच लक्षात येतं. जे तोंडावर बोलता येत नाही ते देवाला सांगायचं, आणि शेजारणीनं डोळे मिटून निमूट ऐकायचं.

या सगळ्यावर देखरेख मावशींची. मावशी मिशनच्या दवाखान्यात जन्मभर नर्स होत्या. निवृत्त होऊन मुलाकडे राहायला आल्या होत्या. त्यांनी आयुष्यभर इंजेक्शनं दिली होती आणि प्रार्थनाही त्याच पद्धतीनं करायच्या. आधी जागा हेरायची, मग टोचायचं, मग वरून चोळायचं. त्यांची सूनही त्यांच्याच हाताखाली तयार झालेली. ती माझ्या डावीकडे बसायची, म्हणजे माझ्यासाठी प्रार्थना तिची. पहिल्याच महिन्यात तिनं मागितलं, "प्रभो, या माझ्या बहिणीला तू एवढा मोठा आवाज दिलास, आता त्याला अधूनमधून विश्रांती पण दे." मी मोठ्यानं आमेन म्हटलं. भिंतीवरचा कंदील हलला असं आमचे हे अजून सांगतात.

माझ्या उजवीकडे मावशी, त्यांच्या उजवीकडे सुतारदादांची बायको. तिला आम्ही वहिनी म्हणायचो. बायकांची बाजू तिथे संपायची आणि पुरुषांची सुरू व्हायची. म्हणून वहिनीच्या उजवीकडे खुद्द सुतारदादा बसायचे.

सुतारदादांना आम्ही सुतारदादा म्हणत असलो तरी मी आले तेव्हा ते सुतार राहिले नव्हते. कारखान्याच्या फाटकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना सलाम करायचे. आदल्या वर्षी ते कारखान्याच्या ट्रकमधून चाकणच्या पुढे लाकूड आणायला गेले होते. परत येताना मोशीजवळ, इंद्रायणीच्या वळणावर ट्रक कलंडला. ओंडका हातावर आला. उजव्या हाताची तीन बोटं गेली. ट्रक का कलंडला, तर ड्रायव्हरनं विडी पेटवायला हात सोडले होते. त्यानं तसं स्वतःच कबूल केलं. त्याचा ट्रक काढून घेतला आणि त्याला गोदामात पोती उचलायला लावलं.

त्या दिवसापासून वहिनी कुठल्याही गाडीत बसली नव्हती. रविवारी आम्ही आगगाडीनं देवळात जायचो, ती घरी एकटी गीतं म्हणायची. प्रार्थना तिच्याच खोलीत व्हायची ती यासाठीच, निदान तेवढी तरी तिला मिळावी. तिचं माहेर चाकण. भाऊ तिथे शाळेत मास्तर होता, आई त्याच्याजवळ. पिंपरीहून चाकण ते काय, पण रस्ता त्या वळणावरून जाणारा. कुणी म्हणालं, बैलगाडीनं जा. वहिनी म्हणाली, "बैलगाडीला काय वळण वेगळं आहे का?"

बाकी बाई हसरी होती. चहात आलं किसून घालायची, माझ्या नकलांना पदर तोंडाला लावून हसायची. फक्त प्रभूची प्रार्थना म्हणताना 'आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो' ही ओळ आली की तिचा आवाज बंद व्हायचा, ओळ गेली की पुन्हा सुरू. इतकं सफाईनं, की पेटीवरची एक काळी पट्टी बिघडली असावी असं वाटायचं.

एका बुधवारी सुतारदादा जरा उशिरानं आले. दारातून आमच्या ख्रिस्ती रिवाजानं म्हणाले, "सलाम. पाहुणा आणलाय."

मागे एक काटकुळा माणूस. जालन्याकडचा, तिशीचा असेल, टोपी हातात चुरगाळलेली. आम्ही त्याला फाटकापाशी पाहिलेलं होतं. रस्त्यावर ट्रक आला की गोदामाच्या भिंतीला पाठ लावून उभा राहायचा, ट्रक दिसेनासा झाला की मग रस्ता ओलांडायचा. तोच तो ड्रायव्हर. हाही ख्रिस्ती आहे हे आमच्यापैकी कुणाला ठाऊक नव्हतं.

वहिनी कंदिलाची काच पुसत होती. तिनं वर पाहिलं नाही. म्हणाली, "चहा मोजका ठेवलाय."

"माझा देईन त्याला," सुतारदादा म्हणाले. आणि त्याला म्हणाले, "तू माझ्या जागेवर बैस."

स्वतः जाऊन ते पलीकडे बसले, बायकोच्या अगदी समोर. ड्रायव्हर वहिनीच्या उजवीकडे बसला. बसला म्हणजे काय, सतरंजीच्या कडेवर टेकला. त्याच्या उजवीकडे आमचे हे.

मी नाटकातली बाई. पडदा वर गेला होता.

मावशींनी साखळी सुरू केली. वहिनीसाठी त्यांनी धीर मागितला, न टोचता मागितला, हे मी पहिल्यांदाच ऐकलं. आमेन झालं. आता वहिनीची पाळी.

वहिनी बोलेना. बाहेर बाभळीत कुठेतरी होला घुमत होता, तो ऐकू यायला लागला. आमच्या ह्यांना खोकला यायचा होता, तो त्यांनी कसाबसा आत ढकलला. कुणाला ओलांडायचं नाही हा नियम, त्यामुळे साखळी तिथे अडकून पडलेली. मावशींनीही ढोसलं नाही. चुलीवरचं आधण उकळून निम्मं झालं असेल.

"आमेन," वहिनी म्हणाली. नुसतं आमेन, आधी काही नाही.

आणि आता ड्रायव्हरची पाळी, तर त्यानं प्रार्थना करायची आमच्या ह्यांच्यासाठी. नियम तो नियम. डोळ्यांतून धारा, आणि तो बिचारा म्हणतोय, "देवा, ह्या साहेबांचा खोकला बरा कर." आमचे हे इतके घाबरले की पुढे दोन दिवस खोकलेच नाहीत.

नंतर कपबश्या विसळताना वहिनी आणि सुतारदादा बोलत होते. मी तिथेच फडकं घेऊन उभी होते, पण त्यांना माझी अडचण वाटली नाही.

"तुम्ही क्षमा केलीत ना त्याला? झालं तर," वहिनी म्हणाली. "बोटं तुमची होती."

"मग तुझं काय गेलं?"

"रंधा मारताना तुम्ही शीळ घालायचात. ती मला ऐकू यायची, मी भाकऱ्या करत असायचे. ती कुणी परत आणून देणार आहे का?"

सुतारदादांनी बशी तेवढी डाव्या हातानं पुसून फळीवर ठेवली.

पुढच्या बुधवारी तो पुन्हा आला. मावशींना दया आली. म्हणाल्या, "बाळा, तू आज इकडे माझ्या मुलापाशी बैस."

"मला इथंच बसू द्या, मावशी," तो म्हणाला. "त्या काय म्हणायल्यात ते ऐकायलाच आलोय मी. शिव्या दिल्या तरी चालतील."

"प्रार्थनेत शिव्या देत नाहीत," वहिनी मावशींकडे बघत म्हणाली.

मी सतरंजीकडे पाहिलं. आम्ही सगळ्याच जणी इतके दिवस दुसरं काय करत होतो?

पण त्या संध्याकाळी वहिनीनं जे केलं ते आम्हाला कुणाला कधी जमलं नव्हतं. तिनं टोचलं नाही आणि चोळलंही नाही. सरळ बोलली. "प्रभो, माझ्या उजवीकडं कोण बसलाय तुला ठाऊक आहे. यानं विडी पेटवायला हात सोडले. दोन्ही सोडले. एक ठेवला असता तरी भागलं असतं. माझ्या माणसाला सदऱ्याची बटणं लावता येत नाहीत, मी लावते. आणि हा दोन्ही हातांनी चहा पितो. मला याच्यासाठी काही मागता येत नाही. तुला द्यायचं असेल ते तू दे, मला विचारू नकोस. आमेन."

ड्रायव्हर मान खाली घालून बसला होता. आणि मग पुन्हा त्यानं आमच्या ह्यांच्या खोकल्यासाठी प्रार्थना केली.

मी रात्रभर या नियमाचा विचार करत राहिले. तिनं त्याला सगळं सुनवावं आणि त्याला एका शब्दानं उत्तर देता येऊ नये. मला आधी तो अन्याय वाटला. मग वाटलं, बरं आहे. उत्तर देता आलं असतं तर त्यानं माफी मागितली असती, आणि माफी मागितली की समोरच्याला लगेच काहीतरी द्यावं लागतं. इथे वहिनीला कुणी घाई करत नव्हतं.

उन्हाळा लागेपर्यंत असंच चाललं. वहिनीच्या प्रार्थना आखूड झाल्या, मग जरा वेगळ्या झाल्या. एकदा म्हणाली, "हा रात्री झोपत नाही म्हणतात. याला झोप दे. नाहीतर कामावर डुलक्या घेईल आणि आणखी कुणावर पोतं पाडील." मावशींची सून मला नंतर म्हणाली, "झोप मागितली की नाही?" मी म्हटलं, "मागितली. पण काय गं तोऱ्यात मागितली."

आणि अशात चाकणहून निरोप आला. वहिनीच्या आईला अर्धांगाचा झटका आला होता. डावी बाजू गेली, वाचाही गेली. भावानं कळवलं होतं, म्हातारी दाराकडे बघत असते, तू येऊन जा.

वहिनीनं पिशवी भरली. दुपट्यात आईसाठी लुगडं बांधलं. भोसरीपर्यंत चालत जायचं आणि तिथून नाशिक रस्त्याची एस. टी. पकडायची असं ठरलं. ती भोसरीपर्यंत गेली, एस. टी. आली, थांबली, निघून गेली. वहिनी रस्त्याच्या कडेला बसून होती. सुतारदादा तिला परत घेऊन आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली आणि पुन्हा परत आली. मी तिच्या घरी गेले तर लुगडं तसंच दुपट्यात बांधलेलं, आणि ती म्हणाली, "मी किती वाईट मुलगी आहे गं. आई बोलू शकत नाही, आणि मला गाडीत पाय ठेवता येत नाही."

इथे माझं डोकं चालायला लागलं. नाटकात दोन पात्रांचं बोलणं होत नसेल तर तिसऱ्यानं काहीतरी निमित्त काढावं लागतं. आणि निमित्त मावशींच्या कानात होतं. त्यांचा डावा कान सर्दीनं बसला होता आणि त्यांच्या डावीकडे मी. बुधवारी साखळीच्या आधी मी म्हटलं, "मावशी, मी तुमच्यासाठी एवढी प्रार्थना करते ती सगळी तुमच्या बसलेल्या कानात जाते. आज साखळी उलटी फिरवू या का? प्रत्येकानं डावीकडच्यासाठी. म्हणजे तुमच्यासाठी वहिनी करेल, ती तुम्हाला चांगल्या कानानं ऐकू येईल."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. जन्मभर रोग्यांची सोंगं ओळखलेली बाई ती. मग म्हणाल्या, "बरं. कानासाठी म्हणून."

साखळी उलटी निघाली. मावशींनी माझ्यासाठी मागितलं, माझा आवाज होता तेवढाच राहू दे म्हणाल्या. मग मी, मावशींची सून, तिचा नवरा, सुतारदादा, आमचे हे, करत करत साखळी ड्रायव्हरपाशी आली. त्याला आता कुठे कळलं की आपल्या डावीकडे कोण आहे. तो वहिनीकडे बघूनच बसला. सुतारदादा समोरून हळूच म्हणाले, "कर की."

"देवा," तो म्हणाला, "मला नीट बोलता येत नाही. ह्या बाईंना गाडीचं भ्या वाटतंय. ते माझ्यामुळं आलं. मलाबी वाटतंय, ट्रकचा आवाज आला की हाताला घाम सुटतोय. माझं राहू दे. ह्यांची आई तिकडं दाराकडं बघायलीय. ह्यांचं भ्या तू माझ्याकडं दे. माझ्याकडं हायेच, त्यात हे पण ठेवतो. ह्यांना आईकडं पोचव."

तो आमेन म्हणणार एवढ्यात वहिनीनं डोळे उघडले.

"आणि मला नेणार कोण?"

"अगं, आमेन व्हायचंय अजून," मावशी म्हणाल्या.

"होऊ द्या मागाहून. नेणार कोण?"

"मी आहे ना," सुतारदादा म्हणाले.

"तुम्ही शेजारी बसाल. पुढच्या बाकावर कोण?" आम्हाला कुणाला काही कळेना. वहिनीनं हनुवटीनं ड्रायव्हरकडे खूण केली. "याला बसवा पुढं, माझ्याकडं तोंड करून. याला रस्ता माहीत आहे. याचा चेहरा मला दिसला पाहिजे. हा घाबरला की मी उतरणार."

ड्रायव्हरनं जरा विचार केला. "मग तुम्हाला भोसरीलाच उतरावं लागंल, बाई," तो म्हणाला.

आधी मावशी हसल्या. चांगल्या कानानं ऐकलं होतं त्यांनी. मग आम्ही सगळे हसलो, आणि वहिनीनं पदर तोंडाला लावला. आमेन कुणी म्हटलं की नाही मला आठवत नाही.

शनिवारी आम्ही निघालो. मी का निघाले? असला प्रयोग सोडून मी घरी भाजी निवडत बसणार होते का? भोसरीला एस. टी. आली. ड्रायव्हर आधी चढला, खांबाला धरून. वहिनीनं पायरीवर पाय ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. सुतारदादांनी मागून काही ढकललं नाही, नुसते उभे राहिले. मग ती चढली.

ड्रायव्हर पुढच्या बाकावर गुडघे टेकून उलटा बसला, पाठीला धरून, आमच्याकडे तोंड करून. कंडक्टर तिकिटं फाडत आला. "अहो पाव्हणं, सरळ बसा. पुढं बघा."

"मला मागंच बघायला सांगितलंय."

"कुणी?"

"त्या बाईंनी."

कंडक्टरनं वहिनीकडे पाहिलं. वहिनी म्हणाली, "हो. बसू द्या त्याला तसंच." कंडक्टरनं माझ्याकडे पाहिलं. मी हेरोदाचा चेहरा केला. तो पुढे गेला.

मोशी आलं. पुढे उतार लागतो आणि मग वळण आणि नदी. वहिनीनं सुतारदादांचा उजवा हात धरला, उरलेल्या दोन बोटांसकट. ती ड्रायव्हरकडे बघत होती आणि ड्रायव्हर तिच्याकडे. त्याच्या ओठांवर घाम, बाकाच्या पाठीवर बोटं पांढरी पडलेली. मला वाटलं, आता उतरली ही. गाडी उताराला लागली आणि वहिनीनं डोळे घट्ट मिटले.

खडखडत गेलो. पूल गेला. पलीकडचा चढ लागला, शेतं लागली. वहिनीचे डोळे मिटलेलेच.

"वळण गेलं का रे?" तिनं विचारलं. प्रार्थनेबाहेर, सरळ त्याला उद्देशून बोललेलं तिचं हे पहिलं वाक्य.

"मला काय ठाऊक, बाई," तो म्हणाला. "मीबी डोळे मिटलेत."

सुतारदादा असे हसायला लागले की शेजारच्या मिरच्यांच्या पोत्यावरचा म्हातारा दचकला. "कधीच गेलं," ते म्हणाले. "उघडा दोघं डोळे. कुरुळी आली."

चाकणला वहिनीच्या भावाचं घर बाजारापासून जरा आत होतं. पुढे ओसरी, आत एक काळोखी खोली, खोलीत खाटेवर म्हातारी. वहिनी गेली ती सरळ आईच्या उशापाशी. कपाळावर हात ठेवला. म्हातारीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, चांगल्या बाजूनं जास्त. सुतारदादा पायाशी बसले. मी दाराच्या आत उभी राहिले.

ड्रायव्हर अंगणातच थांबला. टोपी हातात, चुरगाळलेली. आत यावं की नाही ते त्याला कळत नव्हतं, आणि मला वाटतं आम्हालाही कळत नव्हतं. आम्ही त्याला बुधवारच्या सतरंजीबाहेर कधी कुठे बसवलंच नव्हतं.

म्हातारीची नजर दाराबाहेर गेली आणि तिथेच राहिली. मग वहिनीकडे वळली. वाचा गेलेली असली तरी प्रश्न स्पष्ट होता. हा कोण?

त्या घरात सगळ्यांना अपघात माहीत होता, ड्रायव्हरनं काय केलं तेही माहीत होतं. हाच तो, एवढे दोन शब्द पुरे होते आणि ते खरेही होते. मनातल्या मनात मी वहिनीसाठी तीन-चार वाक्यं तयारही केली, एकाहून एक सरस. तिनं त्यातलं एकही घेतलं नाही.

"तो होय?" ती म्हणाली. आईच्या कपाळावरचे केस मागे सारले. "तो आमच्या प्रार्थनेतला आहे."

मग बाहेर तोंड करून, जरा चढ्या आवाजात, "उन्हात काय उभा राहिलायस? आत ये, आईला सलाम कर."

त्यानं चपला काढल्या, वाकून आत आला आणि सलाम केला. म्हातारीनं चांगला हात गोधडीबाहेर काढला आणि वर उचलला.